त्वचारोग म्हणजे सौंदर्योपचार नव्हेत

‘त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर आरोग्य विमा विसरा’ असे सांगणारा एक संदेश बराच पसरला आहे. त्वचेचे सगळे उपचार सौंदर्योपचारांत मोडतात, तपासणीचे शुल्क कधीच मिळत नाही, जुना त्वचारोग अर्जात लिहू नये कारण पाच वर्षांनी कोणी विचारत नाही, आणि दावा एकदा नाकारला की विषय संपला, अशी चार विधाने त्यात आहेत. त्यावर विसंबून कोणी उपचार लांबणीवर टाकू नये, एवढ्यासाठी हे उत्तर.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या कलमात रूप पालटण्यासाठी केलेले उपचार वगळले आहेत, त्वचारोग नव्हेत. त्याच कलमात अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच प्रकृतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक ठरलेले उपचार यांना सूट आहे. मात्र त्या आवश्यकतेबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. मुरुमांचे व्रण लेसरने घालवणे किंवा केसांचे रोपण यांचा खर्च सहसा मिळत नाही, हे मान्य. परंतु पायाला सेल्युलायटिस (त्वचेचा खोलवर गेलेला जिवाणूसंसर्ग) होऊन तापाने फणफणलेला मधुमेही, औषधाच्या प्रतिक्रियेने अंगभर कातडी सोलवटलेला रुग्ण, किंवा पेम्फिगसमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटण्याच्या आजारामुळे, तोंडात फोड येऊन घासही गिळू न शकणारी व्यक्ती रुग्णालयात दाखल होते, ती जीव वाचवण्यासाठी. शिवाय ज्या बारा आधुनिक उपचारपद्धती पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे नियामकाने 2019 मध्ये सांगितले, त्यांत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीही (प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे) आहेत, आणि पेम्फिगसवर दिले जाणारे रिटुक्सिमॅब त्याच वर्गातले आहे. कंपनी अशा उपचारांच्या रकमेवर मर्यादा घालू शकते, म्हणून ती आधीच पाहून ठेवावी.

तपासणीच्या शुल्काबाबतचे विधान अर्धवट खरे आहे. साध्या पॉलिसीत नायट्याची किंवा खरजेची ओपीडी तपासणी, म्हणजे दाखल न होता केलेली तपासणी, येत नाही. त्यासाठी ओपीडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. मात्र त्याच आजारासाठी पुढे दाखल व्हावे लागले, तर दाखल होण्यापूर्वीची तपासणी, चाचण्या आणि औषधे यांचा खर्चही मागता येतो. आरोग्य संजीवनी या नियामकाने आखून दिलेल्या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत आधीचे 30 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 60 दिवस अशी आहे. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांची पहिली चिठ्ठी आणि पावती फेकून देऊ नये.

आजार लपवण्याचा सल्ला मात्र केवळ चुकीचा नव्हे, घातक आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती न दिल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, हे खरे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे, आणि ठरवून केलेली लपवाछपवी नेमकी तिथेच अडकण्याचा धोका आहे. उलट आजार सांगितल्यास पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) 2024 च्या नियमांनुसार 36 महिन्यांहून अधिक असू शकत नाही. येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी: सोरायसिस आणि लायकेन प्लेनस हे त्वचेचे दीर्घकालीन आजार, विमा घेणाऱ्याच्या संमतीने, कायमचे वगळण्याची मुभा नियामकाच्या 2019 च्या सूचनांनी कंपन्यांना दिली होती. मला ही तरतूद रुग्णांवर अन्याय करणारी वाटते, कारण सोरायसिस अंगभर भडकला की दाखल होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तरीही अशा रुग्णाने संमतीची सही करण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांच्या अटी ताडून पाहाव्यात. खोटा अर्ज भरणे हा त्यावरचा उपाय नाही.

राहिला नाकारलेला दावा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाविषयक तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुंबई आणि पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. ‘सौंदर्योपचार’ असा शेरा मारून दावा फेटाळला असेल, तर रोगाचे नाव आणि दाखल करण्याचे कारण स्पष्ट लिहिलेले डॉक्टरांचे पत्र त्या तक्रारीला जोडावे.