लिपिड म्हणजे नुसतं आवरण नव्हे

यवतमाळकडच्या बीएस्सीच्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "पेशीपटलातलं लिपिड म्हणजे नुसतं आवरण. डिटर्जंटनं प्रथिन सोडवून घ्या, बाकीचं अल्फाफोल्ड सांगतं. लिपिड जपत बसणं ही पैशाची नासाडी." पोरं हेच उत्तरपत्रिकेत लिहू लागली आहेत, म्हणून हे लिहितो आहे. (पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, लिपिड म्हणजे त्यातले स्निग्ध रेणू आणि अल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाची रचना वर्तवणारा एआय प्रोग्राम. डिटर्जंट म्हणजे पडदा विरघळवून प्रथिन सुटं करणारं साबणासारखं रसायन.)

आधी 'नुसतं आवरण'. ई. कोलाय या जिवाणूमधला ॲक्र-बी हा प्रथिनाचा पंप अँटिबायोटिक पेशीबाहेर फेकतो. २०१८ मध्ये तो मूळच्या लिपिडसकट क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहिला, तेव्हा त्याच्या तीन घटकांमधल्या पोकळीत लिपिडचे २४ रेणू शिस्तीत बसलेले दिसले. आपल्या पेशींतली केआयआर २.२ ही पोटॅशियमची वाट तर पीआयपी-२ हे लिपिड चिकटल्याशिवाय उघडतच नाही.

डिटर्जंटचं श्रेय मात्र नाकारता येत नाही. प्रकाशसंश्लेषण केंद्राची १९८५ मधली रचना त्याच वाटेनं मिळाली आणि १९८८ चं नोबेलही. पण डिटर्जंट प्रथिनालगतचं लिपिडही बरंच धुऊन नेतं. पऱ्हाटी उपटून, मुळं धुऊन टेबलावर ठेवली तर पानं मोजता येतात; ती जमिनीतून पाणी कसं ओढते ते कळत नाही. २००९ पासून दुसरा मार्ग आहे: स्टायरीन-मॅलेइक आम्लाचा बहुवारिक (पॉलिमर). पटलांच्या दुधाळ द्रावणात तो टाकला की द्रावण निवळत जातं, कारण पटलाच्या सुमारे १० नॅनोमीटरच्या चकत्या पडतात. प्रथिन आणि त्याचं शेजारचं लिपिड एकाच चकतीत. कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त झालं तर हा बहुवारिक साक्यासारखा खाली बसतो, ही त्याची खरी अडचण.

अल्फाफोल्डच्या निर्मात्यांना २०२४ चं नोबेल मिळालं ते योग्यच. पण ते शिकलं प्रयोगांतून मिळालेल्या रचनांवर, आणि एखाद्या पेशीत प्रथिनाभोवती नेमकं कोणतं लिपिड होतं हे ते सांगत नाही.

राहिली 'नासाडी'. बीटी कपाशीतलं क्राय१एसी विष अळीच्या आतड्यातल्या पेशीपटलावरच्या कॅडेरिन प्रथिनाला धरतं. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांत याच कॅडेरिनच्या जनुकात बदल सापडले. क्राय२एबी या बीटीच्याच दुसऱ्या विषाला दाद न देणाऱ्यांत एबीसीए-२ या दुसऱ्या पटलप्रथिनाच्या जनुकात. आपल्या शिवारातलं नुकसान इथून सुरू होतं. आणि ते विष शेवटी भोक पाडतं ते लिपिडच्या थरातच. तो थर धुऊन टाकला, तर विषाचं ते काम पाहायलाच मिळत नाही.