खापर फोडण्याआधी अंडं फोडा

नमस्कार. पोस्टानं मागवलेली मोराची अंडी उबवण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ती रागावून लिहिलेली आहे, पण तिच्यात कामाचे तपशील आहेत. ‘धन्यवाद, पुढच्या वेळी काळजी घ्या’ एवढं म्हणून तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात. तुम्ही 12 अंडी मागवलीत. एकाचंही कवच तडकलेलं नव्हतं. रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी तुम्ही ती अंडी उबवण्याच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये आडवी लावलीत. तापमान 37.5 अंश, आर्द्रता पहिल्यापासून शेवटपर्यंत 60 टक्के, फिरवणं पहिल्या तासापासून चालू. बाराव्या दिवशी अंड्यांना बॅटरी लावून आत पाहिलंत तर दहा अंडी कोरी, म्हणजे आत शिरा-गर्भ काहीच दिसेना, ती तुम्ही फेकून दिलीत. उरलेल्या दोघांत पिल्लं पूर्ण वाढली आणि आतच मेली. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा, की विक्रेत्यानं अफलित, म्हणजे गर्भच न धरलेली, अंडी गळ्यात मारली, पोस्टाची अंडी हा सगळा धंदाच लबाडीचा आहे आणि माझ्यासारखे लोक त्याला हवा देतात. जाता जाता दोन टोले आणखी: खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवली असती तर सगळी निघाली असती, आणि मोराचं अंडं विकणं हा मुळात गुन्हाच आहे.

कायद्याचं आधी, कारण ते चटकन आटपतं. भारतापुरतं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘प्राणी’ म्हटलं की त्याची पिल्लं आणि अंडीही आली. तेव्हा भारतात राहणाऱ्यानं हा नाद करूच नये. ज्या देशांत मोर कोंबड्या-टर्कींसारखा पाळला जातो, तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तो लेख होता. तुम्हीही अशाच ठिकाणी राहता असं लिहिलं आहे, मग हा मुद्दा मला उद्देशून का, ते कळलं नाही. असो.

आता त्या दहा कोऱ्या अंड्यांकडे येऊ. तुमच्या रागाचं मूळ तिथे आहे आणि माझा खरा आक्षेपही तिथेच आहे. बॅटरीखाली कोरं दिसलेलं अंडं म्हणजे अफलित अंडं, हे समीकरण चुकीचं आहे. मोराच्या अंड्याचं कवच जाड आणि पिवळसर-तपकिरी असतं. कोंबडीच्या अंड्यात चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणाऱ्या शिरा यात सातव्या-आठव्या दिवसाआधी धड दिसत नाहीत. फलित असूनही पहिल्या दोन-तीन दिवसांत मेलेलं अंडं बाहेरून पाहिलं तर अफलित अंड्याइतकंच कोरं दिसतं. दोघांतला फरक बॅटरी सांगत नाही, तो अंडं फोडल्यावरच कळतो. आणि तुम्ही दहाच्या दहा अंडी न फोडता उकिरड्यावर टाकलीत. म्हणजे आरोप ठेवलात आणि पुरावा फेकून दिलात.

फोडून काय बघायचं ते सांगतो. पांढरी पसरट बशी घ्या. बोथट टोकाकडचं कवच टिचकावून काढा, आतला पापुद्रा सोडवा आणि अंडं हलकेच बशीत ओता. बलकावर, बहुतेक वेळा वरच्याच बाजूला, एक फिकट ठिपका असतो. तो लहान, घट्ट पांढरा आणि कडा फाटल्यासारखा वेडावाकडा असेल तर अंडं अफलित. तो चार-पाच मिलिमीटरचा गोल असेल, मधे पारदर्शक आणि भोवती स्पष्ट पांढरी कडा, तर अंडं फलित होतं, फक्त वाढ सुरू झाली नाही. ठिपका पसरून नखापेक्षा मोठा मलईसारखा पडदा झालेला असेल तर वाढ सुरू होऊन थांबली. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ आणखी थोडा पुढे जाऊन मेला. हे सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करावं. त्याहून जास्त दिवस अंडं उबेत राहिलं की बलक सैल पडतो आणि खुणा पुसट होतात. वास यायला लागलेलं अंडं घरात फोडायच्या भानगडीत पडू नका, ते बाहेर नेऊन फोडा, आणि हातमोजे घाला.

दहापैकी आठ-नऊ अंड्यांत तो लहान वेडावाकडा ठिपका निघाला असता, तर तुमच्याआधी मीच म्हटलं असतं की विक्रेत्याला धरा. हंगामाच्या सुरुवातीची अंडी, किंवा पिसारा नुकताच फुटलेला कोवळा नर, असं असलं की अफलित अंडी भरपूर निघतात आणि प्रामाणिक विक्रेत्याला ते ठाऊक असतं. पण ठिपके गोल निघाले असते, तर ती अंडी निघाली तेव्हा चांगली होती आणि वाटेत किंवा तुमच्या मशीनमध्ये गेली, असाच अर्थ झाला असता. दोन अंडी शेवटपर्यंत वाढली, म्हणजे नर निकामी नव्हता एवढं तरी उघड आहे.

‘एकाचंही कवच तडकलेलं नव्हतं, मग पोस्टाचा काय दोष?’ असं तुम्ही विचारलं आहे. पोस्टाचा मार कवचावर क्वचितच दिसतो. अंड्याच्या बोथट टोकाला दोन पापुद्र्यांच्या मधे हवेची पोकळी असते. ट्रकच्या थडथडाटानं, पेटी आपटल्यानं आतला पापुद्रा सुटतो आणि ही पोकळी जागा सोडते. बॅटरी लावून अंडं सावकाश कलतं करा. हवा गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे सरकली, तर मार लागलाय. कधी ती पूर्ण सुटत नाही, एका बाजूनं खोगिरासारखी खाली उतरते. दुसरा मार उष्णतेचा. पेटी उन्हात तापलेल्या गाडीत राहिली की गर्भ अर्धवट वाढायला लागतो, रात्री गार झाली की थांबतो. असं दोन-तीनदा झालं की बाहेरून धडधाकट दिसणारं अंडं आतून संपलेलं असतं. तिसरा मार वयाचा. लांडोर साधारण एक दिवसाआड अंडं देते, म्हणजे विक्रेत्याकडे एकाच लांडोरीची 12 अंडी जमायला तीन आठवडे लागतील. आणि 12-16 अंशांना नीट ठेवलेलं अंडंसुद्धा आठवड्यानंतर ताकद गमवायला लागतं. पेटीतल्या अंड्यांवर पेन्सिलीनं तारखा होत्या का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील, तर भांडायला तो मुद्दा अफलिततेपेक्षा भक्कम आहे.

टपाल तपासणाऱ्या एक्स-रे मशीनवर तुम्ही जो अर्धा परिच्छेद खर्च केलात त्यावर मी काही बोलत नाही. धक्के, ऊन आणि वय समोर उभं असताना साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही.

तुमच्या घरी काय झालं, ते आता बघू. अंडी रात्रभर विसावली हे चांगलंच. मी 12 ते 24 तास म्हणतो, तेही टोकदार बाजू खाली ठेवून, आडवी नाही. त्यानंतर पोकळी तपासायला हवी होती. ज्यांची हवा हलते ती अंडी आडवी लावून, पहिल्याच तासापासून मशीननं लोळवणं म्हणजे सुटलेला पापुद्रा आणखी उचकटणं. अशी अंडी कार्डबोर्डच्या ट्रेमध्ये उभी ठेवायची, पहिले दोन-तीन दिवस हलवायची नाहीत, नंतर लोळवण्याऐवजी ट्रेच एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर साधारण 45 अंश कलता करायचा. ‘मग पूर्ण आठवडाभरच फिरवू नयेत’ असा सल्लाही ऐकायला मिळतो. तो मला पटत नाही. पहिल्या आठवड्यातच गर्भाभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं पसरत असतं आणि फिरवण्याचा सगळ्यात जास्त उपयोग तेव्हाच असतो. पोकळी बसावी म्हणून फिरवणं थांबवायचं, हा नाइलाजाचा सौदा आहे. दोन-तीन दिवसांच्या पुढे त्यात तोटाच वाढतो. ज्या अंड्यांची हवा जागेवर आहे त्यांना ही सवलतही देऊ नये.

आत मेलेल्या दोन पिल्लांचं मला जास्त वाईट वाटलं, कारण ती पोस्टातून वाचलेली होती. तुम्ही लिहिता की ती ‘भिजल्यासारखी, सुजलेली’ होती आणि पोकळी ‘नावाला’ होती. तुमच्या या दोन शब्दांत उत्तर आहे. उबवणीच्या 28 दिवसांत अंड्यातलं पाणी कवचातून उडून जायला हवं, वजन 13 ते 15 टक्क्यांनी घटायला हवं. तेवढी जागा हवेनं भरते, आणि पिल्लू कवचाला चोच मारण्याआधी पहिला श्वास त्या हवेत घेतं. मोराच्या जाड कवचातून पाणी मुळातच सावकाश उडतं. त्यात मशीनमध्ये 60 टक्के आर्द्रता अखेरपर्यंत, म्हणजे पाणी जायला वाटच नाही. पिल्लू आपल्याच पाण्यात गुदमरतं. टपालाच्या अंड्यांना मी सुरुवातीचे दिवस 35-40 टक्क्यांच्या आसपास ठेवतो आणि पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद केल्यावर 65-70 पर्यंत वाढवतो.

पण हे आकडेही वेदवाक्य समजू नका, काटा सांगेल तेच खरं. शंभर ग्रॅमच्या अंड्याला 28 दिवसांत 14 ग्रॅम घटवायचे तर दिवसाला अर्धा ग्रॅम. आलं त्या दिवशी प्रत्येक अंडं दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि वजन कवचावर पेन्सिलीनं लिहा. मार्कर नको, कवच श्वास घेतं. दहाव्या दिवशी ते 95 च्या आसपास हवं. 97 असेल तर आर्द्रता उतरवा, 93 असेल तर चढवा. एवढं केलं की आर्द्रता 40 बरी की 50, या वादात पडावंच लागत नाही.

तुमच्या मशीनचा 60 हा आकडा तरी खरा होता का, हाही प्रश्नच आहे. स्वस्त मशीनवरच्या हायग्रोमीटरवर विसंबणारे बरेच फसतात. झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं होईल एवढंच पाणी घाला, हायग्रोमीटरसकट हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. जितका कमी-जास्त येईल, तितकी त्याची खोट. थर्मामीटरसाठी बर्फाचं पाणी: शून्य दाखवलं पाहिजे. शिवाय 37.5 हे पंखा असलेल्या मशीनचं तापमान. बिनपंख्याच्या मशीनमध्ये अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून जवळपास एक अंश जास्त लागतं. तुमचं मशीन कोणतं, ते तुम्ही सांगितलेलं नाही.

खुडूक कोंबडीबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. पहिले सात-दहा दिवस अंडी कोंबडीखाली आणि पुढे मशीनमध्ये, असं मोर पाळणारे कितीतरी जण करतात आणि त्यांची पिल्लं जास्त निघतात. तिची ऊब, तिचं सारखं थोडं थोडं अंडं सरकवणं मशीनला साधत नाही. पण सुटलेला पापुद्रा कोंबडी शिवून देत नाही, तेव्हा ‘सगळी निघाली असती’ हे नुसतंच मनाचं समाधान. आणि पिल्लं तिच्याच पंखाखाली वाढवायची म्हणाल तर जपून. ब्लॅकहेड नावाच्या रोगाचे जंतू कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून पसरतात. कोंबडीला बहुधा काही होत नाही, मोराचं पिल्लू मात्र दगावतं. म्हणून मी पिल्लं निघायच्या आधी अंडी काढून घेतो.

राहता राहिला विक्रेता. पोस्टाच्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तर मी खूश असतो, आणि बरेच विक्रेते हमी देत नाहीत ते याचमुळे. म्हणून त्यांना मोकळं सोडायचं असं नाही. पैसे देण्याआधी विचारा: याच हंगामात, याच लांडोरींची अंडी तुमच्या स्वतःच्या मशीनमध्ये किती फलित निघाली? प्रत्येक अंड्यावर तारीख घालाल का? आठवड्याच्या सुरुवातीला पाठवाल का, म्हणजे शनिवार-रविवार पेटी गोदामात तापणार नाही? प्रत्येक अंडं बबल रॅपमध्ये वेगळं, टोक खाली, आणि पेटीत पेटी असं बांधता का? आणि पोस्टमनवर न सोडता पेटी पोस्टात जाऊन उचलता येईल अशी सोय करून घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून अंडी घेऊ नका.

या विक्रेत्याकडे आता पैसे मागायचे की नाही, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अफलिततेच्या नावाखाली मागू नका, तुमच्या हातात काहीच नाही. तारखा नव्हत्या आणि त्यानं ताजी अंडी म्हणून विकली असतील, तर त्या मुद्द्यावर जरूर मागा. पेटी उघडतानाचे फोटो काढले असतील तर सोबत जोडा.