कॅथलिक राणी होण्याआधी हे वाचा

कॅथलिक राणी व्हायचं मनात असेल, तर आधी राज्य नीट पारखून घ्या. स्कॉटलंड उत्तम. तिथल्या संसदेने १५६० मध्ये पोपची सत्ता मोडीत काढली, मिस्सेवर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेवर, बंदी घातली; देश प्रोटेस्टंट झाला. पुढच्याच ऑगस्टमध्ये तिथली कॅथलिक राणी, अठरा वर्षांची विधवा मेरी स्टुअर्ट फ्रान्सहून लीथ बंदरात उतरली. मुहूर्त साधावा तो असा!

उतरल्या उतरल्या समंजसपणा दाखवायचा. तुमचा धर्म तुम्हाला लखलाभ, मी आपली माझ्या वाड्यात मिस्सा ऐकेन, असं सांगायचं. याहून मोठा गुन्हा नाही. पहिल्याच रविवारी होलीरूडच्या राजवाड्यात दंगा. मेणबत्त्या नेणाऱ्या नोकराला धक्काबुक्की. शेवटी सावत्र भाऊ लॉर्ड जेम्स, स्वतः प्रोटेस्टंट, चॅपलच्या दारात उभा राहिला तेव्हा कुठे मिस्सा पार पडली. पुढच्या रविवारी प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्स व्यासपीठावरून गरजला की दहा हजार सशस्त्र शत्रूंपेक्षा ही एक मिस्सा भयंकर! त्याला जरूर बोलावून समजूत घाला. बायकांनी राज्य करूच नये असं पुस्तक त्याने १५५८ मध्येच छापलंय, त्यामुळे चर्चा मोकळ्या मनाने होईल.

मग जुन्या चर्चच्या उत्पन्नातून तिसरा हिस्सा काढा आणि त्यातून प्रोटेस्टंट पाद्र्यांचे पगार द्या. मेरीने दिले. नॉक्स काही निवळला नाही, रोमही खूश झालं नाही.

इथवर तिचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. पण धर्मात राखलेला तोल लग्नात राखलाच पाहिजे असं थोडंच आहे? दुसरा नवरा डार्नली. १५६७ मध्ये त्याचं घर सुरुंगाने उडालं, प्रेत मात्र बागेत सापडलं, अंगावर भाजल्याची खूणही नाही. तीन महिन्यांत, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय त्या सरदार बॉथवेलशी लग्न करा, तेही प्रोटेस्टंट पद्धतीने. म्हणजे उरलेसुरले कॅथलिकही गेले. गादी तेरा महिन्यांच्या मुलाकडे.

आता इंग्लंडात वडिलांच्या मामेबहिणीकडे, राणी एलिझाबेथकडे, आसऱ्याला जा. एलिझाबेथने एकोणीस वर्षं पाहुणचार केला, बाहेरून कडी लावून. तिथे बिअरच्या पिंपातून गुप्त पत्रं पाठवा. पिंपवाला दोन्हीकडून पैसे घेत होता, वर बिअरचा भावही वाढवून मागत होता. पत्रं एलिझाबेथच्या माणसांनी वाचली, तिच्याविरुद्धच्या कटाबद्दल शिक्षा झाली शिरच्छेदाची.

८ फेब्रुवारी १५८७, फॉदरिंगेचा किल्ला. वधमंचाशी पीटरबरोचा डीन, म्हणजे तिथला प्रोटेस्टंट मुख्य पाद्री, इंग्रजीतून आपल्या प्रार्थना सुरू करतो. तुम्ही आवाज चढवून लॅटिनमध्ये तुमच्या म्हणा. दाराशी भावाला उभं करायची आता गरज नाही.