शिंप्याला विचारू नका

परीकथेच्या सिनेमातल्या राजकन्येचा गाऊन घरी शिवायचा ठरवलात? छान. आता एकच पथ्य पाळा, शिंप्याला विचारू नका. गोव्यात राहत असाल तर मुळीच नको. इथे मडगावपासून म्हापशापर्यंत असे शिंपी बसलेत, ज्यांच्या बापजाद्यांनी लग्नाचे पांढरे गाऊन शिवले. कळ्या किती, आत नेटचे थर किती, मागचा घोळ जमिनीवर किती लोळायला हवा, हे ते झोपेतही सांगतील. अशा माणसाकडे गेलात तर गाऊन तीन आठवड्यांत होईल आणि अंगाला बसेलसुद्धा. मग छंद कसला राहिला?

त्यापेक्षा सिनेमा लावा आणि थांबवा. राजकन्या जिना उतरते तो प्रसंग जेमतेम चार सेकंदांचा आहे, त्यावर रात्री अकरा ते दीड सहज जातात. पाठमोरी ती एकदाच दिसते, तीही धुक्यात. पाठीवर हुक आहेत की नाडी, हे त्या धुक्यातून ठरवायचं. मी नाडी ठरवली. बारीक, गुंफलेली, मानेपासून कंबरेपर्यंत. अठ्ठावीस काजं हाताने केली.

मग रंग. सिनेमाचे रंग चित्रीकरणानंतर संगणकावर बदलतात हे विसरून जा. गाऊन चांदण्यात निळा, मशालीपुढे जांभळा आणि पोस्टरवर राखाडी दिसतो. मोबाईल घेऊन पणजीच्या कापडदुकानात जा. "कशाला मॅच करायचंय?" असं विचारलं की "चांदण्याला" म्हणा. मला त्यांनी बसायला स्टूल दिला आणि पाणी आणलं.

बाह्यांचं रेशीम पांढरंच घ्या, आधी शिवा आणि मग घरी रंगवा. उलट क्रमाने केलं तर मजा नाही. माझं रेशीम सुरेख निळं झालं. शिवण मात्र पांढरीफेक राहिली, कारण दोरा पॉलिएस्टरचा होता आणि रेशमाचा रंग पॉलिएस्टर घेत नाही. बाह्या लांबून कुणीतरी खडूने आखून ठेवल्यासारख्या दिसतात. पातेल्याने रंग झकास घेतला. ते सासूबाईंचं होतं.

जाणती माणसं आधी मांजरपाटाचा कच्चा गाऊन शिवून बघतात. तुम्ही थेट मखमलीला कात्री लावा. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे असतात. पण एक कळी उलटी ठेवली तर अर्धा मीटर वाचतो, आणि मखमलीचा भाव बघता कोण सोडेल? मी नाही सोडला. आता समोरून पाहिलं की उलट्या लवेमुळे माझा डावा पाय उन्हात आणि उजवा सावलीत असतो.

घेर पूर्णच हवा. कंबर ३० इंच, भागिले ६.२८, म्हणजे पावणेपाच इंचांची त्रिज्या. खाली ४२ इंच उंची धरली तर काठ जवळजवळ साडेसात मीटर भरतो. गोल कापडाचा काही भाग तिरक्या धाग्यावर येतो आणि आपल्याच वजनाने लोंबतो, म्हणून शिंपी ते रात्रभर टांगून ठेवतात, काठ सारखा करतात आणि मग तुरपाई. तुम्ही आधी तुरपाई करा, मग टांगा. मी साडेसात मीटर उसवले आणि पुन्हा घातले. टांगायला घरात एवढी उंच जागा एकच होती, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधायची लाकडी चौकट. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलेली. पहाटे दिवा न लावता सासूबाई देवापुढे आल्या आणि त्यांना चौकटीखाली कुणीतरी बिनडोक्याची बाई लटकलेली दिसली. त्या दिवसापासून सासूबाई गाऊनला "ती" म्हणतात. "ती अजून इथेच आहे का?"

मुहूर्त जूनचा धरा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटात बल्ब लावा, डांबरगोळ्या टाका, तरी श्रावणात मखमलीवर पांढरी नक्षी उमटेल. घाबरू नका. नवा कपडा वापरलेला दिसावा म्हणून सिनेमावाले तो मुद्दाम घासतात, मळवतात, त्यासाठी पगारी कारागीर ठेवतात. आपल्याकडे हे काम आषाढ-श्रावण फुकटात करून देतात.

घरचे "हे कशासाठी?" असं विचारतीलच. उत्तर पाठ करून ठेवा. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कपड्यांमुळेच ठरली, १९८३ साली, कोल्हापूरच्या भानू अथैया, 'गांधी'साठी. आणि त्यांच्याबरोबर ते ऑस्कर वाटून घेणारे जॉन मोलो, त्यांना आधी 'स्टार वॉर्स'च्या कपड्यांसाठीही ऑस्कर मिळालं होतं. खादी काय आणि अंतराळ काय, टाका तो टाकाच. मी हे एका दमात म्हटलं. नवरा म्हणाला, "त्यांना त्याचे पैसे मिळत होते." अशा माणसांपुढे सुई खाली ठेवू नये, हातातच असू द्यावी.

बेत इफ्फीचा, म्हणजे पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा होता. महोत्सव २००४ पासून नोव्हेंबरात दारातच येतो, तेव्हा लाल गालिचा नाही तरी त्याच्या कडेची फरशी आपलीच. पण नोव्हेंबरात एकच बाही तयार होती. मग कार्निव्हल. शनिवारी, पणजीत, भर दुपारी, अस्तर लावलेल्या मखमलीत. बसस्टँडवर एका म्हाताऱ्या बाईने मायेने विचारलं, "बाय, काजार कोणाचें?" आठ-नऊ महिने खपून मी कुणाच्या तरी लग्नातली करवली झाले होते.

चित्ररथ सुरू झाले आणि माझी टाच काठात अडकली. मीटरभर तुरपाई एका झटक्यात गेली. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी काही न बोलता शर्टाच्या कॉलरमागून दोरा ओवलेली सुई काढली, पदपथाच्या कडेवर बसले आणि काठ हातात घेतला. कार्निव्हलचा राजा मोमो, त्याचा रथ पुढून गेला तरी त्यांनी मान वर केली नाही. दहा मिनिटांत काम संपलं. दोरा दातांनी तोडून त्यांनी मला वळायला सांगितलं.

"हें कोणें शिवलें?"

"मी."

"फाटल्यान नाडी कित्याक?"

सिनेमातही पाठीमागे नाडीच आहे, म्हणत मी मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या धुक्याकडे जेमतेम तीन सेकंद पाहिलं.

"बाय, ही वेणी."