मुलुंडची पाइपलाइन आणि डॅन्यूबचा काठ

मुलुंडला राहणारा माझा भाचा येत्या एप्रिलमध्ये डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जायचे म्हणतो आहे, आणि या बेतावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे खडाजंगी चालू आहे. भावोजींचे म्हणणे असे, की मुलुंडहून ठाण्याला सायकलवर जा म्हटले तर ज्याला खड्डे, ट्रक आणि धूर आठवतो, त्याने दीड लाख रुपये मोजून परक्या देशात पायडल मारायला जावे ही निव्वळ चैन आहे. तेवढ्या पैशांत टूर कंपनीबरोबर चार देश पाहून होतात. भाचा म्हणतो, मुंबईत सायकलला जागाच नाही, म्हणून तर बाहेर जायचे. गेली अकरा वर्षे मी लिंत्समध्ये, म्हणजे नेमकी याच वाटेवर, राहते, तेव्हा दोघांनीही मला पंच नेमले आहे. मला दोघांचेही अर्धेच पटते. ही सहल स्वस्तात होऊ शकते हे खरे. पण ती स्वस्त होते ती सायकलमुळे नव्हे, तर वाटेवर दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेल्या सोयींमुळे.

आधी पैशांचे बोलू. गेल्या वर्षी एप्रिलअखेरीस मी आणि एका मैत्रिणीने हा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता सात दिवसांत केला. भाड्याच्या सायकलचे १२० युरो, पाच रात्री न्याहारीसह खोलीचे माझ्या वाट्याचे २६०, एक रात्र तंबूत काढली तिचे १५, खाण्यापिण्याचे १४० आणि रेल्वे व नदी ओलांडणाऱ्या होड्यांचे ४०, असे मिळून ५७५ युरो झाले, म्हणजे शंभरी ओलांडलेल्या युरोच्या हिशेबाने साधारण साठ हजार रुपये. त्यात विमान आणि व्हिसा धरला तरी भावोजींचे दीड लाख पुरतात. स्वतःची सायकल खोक्यात घालून विमानाने आणण्याचा भाच्याचा हट्ट मात्र मी मोडून काढला आहे. पासाउला घेतलेली सायकल व्हिएन्नात सोडू देणारी दुकाने आहेत, आणि या सपाट वाटेला त्याच्या त्या महागड्या कार्बनच्या सायकलीचा काही उपयोग नाही.

वाट सपाट का, हे त्याला मी मुद्दाम सांगितले. इंजिने येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा काठावरून घोडे ओढत असत, आणि त्या घोड्यांसाठी नदीलगत बांधलेली पायवाट नंतर बिनकामाची पडून होती. आजचा सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी तिच्यावरूनच जातो. आता तो अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचा भाग आहे. वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून शहाण्याने व्हिएन्नाकडे तोंड करून निघावे. ग्राइनच्या अलीकडे आम्हाला गारांनी झोडपले, बोटे इतकी बधिर झाली की ब्रेक दाबता येईना, आणि ज्या खानावळीच्या आशेने निघालो होतो तिची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी निघाली. पुढच्या गावात एका शेतकरीणबाईंनी खोली दिली. आमच्या चिखलाने माखलेल्या सायकली त्यांनी काही न विचारता जुन्या गोठ्यात ट्रॅक्टरशेजारी लावल्या आणि चेन पुसायला एक फडके हातात ठेवले. त्या गोठ्यात भिंतीला ओळीने खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येकावर कुणा ना कुणाचा ओला रेनकोट वाळत होता. एका रात्रीपुरत्या सायकलस्वाराला जागा देणे हा या काठावर उपकार नाही, नेहमीचा धंदा आहे, आणि स्वस्ताई येते ती तिथून.

हे वाचताना मुलुंडकरांना तानसाची पाइपलाइन आठवायला हवी. मुंबईला पाणी आणणाऱ्या त्या जलवाहिनीच्या कडेची देखभालीची वाट ही अगदी घोड्यांच्या पायवाटेसारखीच, दुसऱ्या कामासाठी राखलेली सलग, सपाट पट्टी आहे. तिच्यावर मुलुंडपासून शीवच्या दिशेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली, तेव्हा मी इथून टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्या टाळ्यांची थोडी लाज वाटते. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात हजारो कुटुंबे राहत होती. त्यांना हटवून अनेकांना माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी पाठवले गेले, तिथल्या हवेविरुद्ध दीर्घ आंदोलन झाले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, या कुटुंबांना महिना १५,००० रुपये भाडे द्या. पट्टा मोकळा करण्यामागे जलवाहिनीच्या सुरक्षेचा न्यायालयीन आदेश होता, सायकल नंतर आली, हे मान्य. तरी ज्यांची घरे गेली त्यांना हा फरक कुणी समजावून सांगावा? मे २०२२ मध्ये पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक याच न्यायालयाने बेकायदा ठरवला, तेही मला योग्यच वाटले. परदेशात राहून ‘आपल्याकडे असे का नाही’ म्हणणे फार सोपे असते. डॅन्यूबकाठची घोड्यांची वाट मोकळी होती, कुणाच्या चुलीवरून ती न्यावी लागली नव्हती.

पण म्हणून भाच्याचे ‘मुंबईत जागाच नाही’ हेही मला पटत नाही. आपल्याकडचा वाद किती किलोमीटरचा ट्रॅक आणि किती कोटींचा यावरच अडतो, आणि सायकल एका साधनातून दुसऱ्यात कशी चढवायची हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. इथे प्रादेशिक गाडीत सायकलचे वेगळे तिकीट काढले की झाले. जलद गाडीत मात्र तिची जागा आधी राखावी लागते. वाटेतल्या श्पित्स गावाला तर नदी ओलांडायला बिनइंजिनाची नाव आहे, जी आडव्या ताणलेल्या तारेच्या आधाराने केवळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. याचे मला कौतुक आहेच, पण मार्वेहून मनोरीला दुचाकी नेणारी बोट मी लहानपणापासून पाहिली आहे. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांवर २०२२ पासून डब्यात सायकल नेता येते, हे भाच्याला माझ्याकडून कळले. सागरी सेतू, अटल सेतू आणि किनारी रस्ता यांवर दुचाकीला मज्जाव आहे, त्यावर मात्र तो रविवारी पहाटे पाचला उठून सगळा राग काढतो.

राहता राहिली तयारी, आणि तिच्यात सर्वांत किचकट भाग सायकलीचा नसून शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, आहे. विमान म्युनिकला उतरत असले तरी बहुतेक रात्री ऑस्ट्रियात असल्याने अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायला हवा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, शुल्क ९० युरो आहे आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. खरी गंमत म्हणजे प्रत्येक रात्र कुठे काढणार ते आधी दाखवावे लागते, आणि सायकलस्वाराला ते वाऱ्यापावसावर सोडायचे असते. माझा तोडगा असा, की दिवसाला पन्नास किलोमीटरहून जास्त धरू नये, पासाउ, लिंत्स, मेल्क आणि व्हिएन्ना हे मुक्काम पक्के करावेत आणि मधले असे निवडावेत, जे ऐनवेळी रद्द केले तरी पैसे जात नाहीत.

तारखेवर आमचे अजून एकमत नाही. वाखाउ खोऱ्यातला जर्दाळूचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पूर्वार्धात असतो आणि भाच्याला त्याचे फोटो हवे आहेत. पण तेव्हा सकाळी हातमोज्यांशिवाय हँडल धरवत नाही आणि काही छोट्या होड्या सुरूही झालेल्या नसतात. १२ ते १५ मेच्या सुमारास थंडी परत येते असा इथला जुना ठोकताळा आहे, त्या दिवसांना लोक बर्फाच्या संतांचे दिवस म्हणतात. त्यामुळे ईस्टर उलटल्यावर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघावे असे मी म्हणते. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच पाव, चीज घेऊन ठेवावे, आणि येताना घरचे मेतकूट आणावे. ते अर्थातच माझ्यासाठी.

पंच म्हणून मी एकच अट घातली आहे. व्हिसाचे पैसे भरण्याआधी त्याने जानेवारीत सामानाच्या पिशव्या लादून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरावे आणि रेवदंड्यावरून मुरूडपर्यंत तीन दिवसांत जाऊन यावे, म्हणजे पन्नास किलोमीटर रोज म्हणजे काय ते गुडघ्यांना कळेल. भावोजी मांडव्यापर्यंत बोटीने सोबत यायला तयार झाले आहेत, पण पुढचे अंतर ते रिक्षाने येणार म्हणतात.