माप काळ्या डब्याचं

रविवारी मटण रस्सा आणायला घरून स्टीलचा कडीवाला डबा घेऊन गेले. आमच्या विक्रोळीतलंच एक छोटं हॉटेल, नाव नाही सांगत कारण रस्सा खरंच भारी असतो. काउंटरवरच्या दादांनी डबा हसत आत पाठवला. मी काचेतून बघतेय तर आतल्या पोराने आधी काळा प्लास्टिकचा डबा घेतला, काठोकाठ रस्सा भरला, तो माझ्या डब्यात ओतला आणि काळा डबा सरळ कचऱ्याच्या ड्रममध्ये. म्हटलं अहो दादा हे काय? तर म्हणे, "ताई, माप त्याचंच आहे ना!"

आता बोला.

म्हणजे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, नाले तुंबले, तेव्हापासून आपण प्लास्टिकच्या पिशवीच्या मागे लागलोय. मग २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदीची कारवाई सुरू, पहिल्यांदा सापडलात तर ५,००० दंड, सगळ्यांच्या घरातल्या कापडी पिशव्या कपाटातून बाहेर. मग १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी, स्ट्रॉ, चमचे, प्लेटा, कप सगळं त्यात. पण पार्सलचा हा झाकणवाला डबा केंद्राच्या त्या यादीत नाहीच! म्हणजे प्लास्टिकचा चमचा गेला, त्याच्या जागी कागदात गुंडाळलेला लाकडी आला (ज्याने दही खाल्लं तर दह्याला आइस्क्रीमच्या काडीची चव येते) आणि डबा आहे तिथेच. भाजीवाली मावशी बिचारी पिशव्या कोथिंबिरीखाली लपवते, आणि आपण घरबसल्या चार जणांचं जेवण मागवलं की डबे, वाट्या, चटणीच्या पुड्या मिळून टेबल भरतं. ॲपवर 'चमचे नकोत' करून पण येतात, ते वेगळंच.

आमची आई एकही डबा टाकू देत नाही. "चांगला आहे गं, खोबरं ठेवायला होईल." परवा मोजले, ४३ डबे आणि ३१ झाकणं, त्यातली कुठली कुणाला बसतात देव जाणे. हीच आई आरेच्या दूध केंद्रावर काचेच्या रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभी राहायची, रिकामी दिली की भरलेली मिळायची, त्यात कुणाला काही ग्रेट वाटायचं नाही. २०१८ च्या नियमात दुधाची पिशवी परत दिली की किमान ५० पैसे मिळणार होते, आठवतंय का कुणाला? मला तरी आजपर्यंत दमडी मिळालेली नाही.

जर्मनीत ट्युबिंगेन नावाचं गाव आहे, तिथल्या पालिकेने १ जानेवारी २०२२ पासून पार्सलच्या एकदाच वापरायच्या कपाला किंवा डब्याला ५० सेंट कर लावला, काटेचमच्याला २० सेंट. तिथलं मॅकडोनाल्ड्स चालवणारे कोर्टात गेले, अगदी वरच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत, आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेला निकाल पालिकेच्या बाजूने लागला. मुंबईत उद्या असा कर लावा असं नाही म्हणत मी, इथे तो पण गिऱ्हाइकाच्याच बिलात चिकटवतील. मला दोनच गोष्टी हव्यात. चमचा, टिश्यू, सॉसच्या पुड्या मागितल्या तरच द्यायच्या. आणि गिऱ्हाईक स्वतःचा डबा घेऊन आलं तर हॉटेलने नाही म्हणायचं नाही, त्याचा पार्सल चार्ज लावायचा नाही आणि माप स्टीलच्या डावाने किंवा वाटीने करायचं. कंपोस्टेबल, म्हणजे खत होणाऱ्या डब्यांचं कौतुक मला सांगू नका, ते पण शेवटी कांजूरमार्गच्याच डम्पिंग ग्राउंडला जाणार, आणि रात्री वारा फिरला की तिथला वास आमच्याच खिडकीत.

हॉटेलवाल्यांचं पण खरं आहे म्हणा, कुणाचा डबा कसा धुतलेला असेल, सांडलं तर कोण बघणार, ऑर्डर पन्नास आणि हात चार. पण मग एक मापाची वाटी ठेवायला काय जातं? दादांना तेच विचारलं, ते "हो ताई, करू" म्हणाले.

घरी येऊन बिल बघितलं. पार्सल चार्ज, १० रुपये.