वय वाढलं की गिटारवाला मवाळ होत नाही, उलट कडक होतो

आपल्या नागपुरात गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय. विशीत टोकदार गिटार आणि कानठळ्या बसवणारं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, पस्तिशीत गिब्सनची लेस पॉल, पन्नाशीत फेंडरची टेलिकास्टर आणि क्लीन टोन, म्हणजे न फाटवलेला स्वच्छ आवाज. मग कुणीतरी म्हणतंच, "वय झालं आता, रग उतरली." परवा माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने सरळ विचारलं, "काका, तुम्ही डिस्टॉर्शन काहून सोडून दिलं? आता जॅझ वाजवून राहिले का?" त्याला तिथे थोडक्यात सांगितलं. पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी विशीतल्या गिटारबद्दल. आमच्या कॉलेजच्या काळात ज्याच्याकडे चोवीस फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पातळ नेकची (गिटारची दांडी), दोन हंबकर (तारांची थरथर पकडणारे दोन कॉइलचे पिकअप) आणि फ्लॉइड रोज ब्रिज (हलवून स्वर वरखाली करता येणारा तारांचा आधार) असलेली गिटार, तो राजा. रॉक गिटारवादक स्टीव्ह वायची आयबानेझ कंपनीची गिटार 1987 मध्ये बाजारात आली आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्या जगातल्या पोरांना तशीच गिटार हवी होती. गॅदरिंगच्या स्टेजवर ती शोभायचीही. पण तिचं आकर्षण फक्त दिसण्यात नव्हतं. भरपूर डिस्टॉर्शन दिलं की हळू मारलेला आणि जोरात मारलेला स्वर जवळजवळ एकाच ताकदीने बाहेर येतो आणि लांबपर्यंत टिकतो. ज्याची बोटं अजून तयार होताहेत, त्याला वेगाने धावायला असा आवाज फार मोठा आधार देतो. त्या वयात तेच हवं असतं, आणि मिळायलाही हवं.

माझी आवड बदलायला लागली ती ऑर्केस्ट्रात. गणेशोत्सवात एकाच रात्री जुनी हिंदी गाणी, मध्येच लावणी, मग नवीन डान्स नंबर. एका बाजूला दोन कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड आणि ढोलकी. या गर्दीत डिस्टॉर्शनचा कॉर्ड दिला की सगळा चिखल होतो, गायिकेचा आवाज त्यात बुडतो. तिथे गिटारवाल्याला मिळते दोन ओळींमधली छोटीशी जागा. ती नेमकी भरायची आणि बाजूला व्हायचं. भूपिंदर सिंग यांनी पंचमदांच्या गाण्यांत वाजवलेली गिटार त्या वेळी मी नव्याने ऐकायला लागलो. चार स्वर असतात, पण काढले तर गाणं उभंच राहत नाही.

आणि फ्लॉइड रोजचं दुखणं ज्याने स्टेजवर सोसलंय त्यालाच कळेल. हा ब्रिज मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांच्या ताणावर तरंगत असतो. एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. पुढचं गाणं अनाउन्स झालेलं असतं, गायक तुमच्याकडे बघत असतो. साध्या, घट्ट बसवलेल्या ब्रिजवर पाच तारांनी गाणं तरी निभावता येतं. मला फिक्स ब्रिज आवडायला लागला त्यामागे वयाचा काही संबंध नव्हता, कामाचा होता.

आता टेलिकास्टर. ही काही म्हातारपणी आराम देणारी गिटार नाही, हे मला ठासून सांगायचंय. 1950 साली फेंडरने बाजारात आणलेलं डिझाइन, तेव्हा नाव ब्रॉडकास्टर होतं. लाकडाची सपाट फळी, स्क्रूने जोडलेली नेक, दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप. त्यातला मागचा पिकअप थेट ब्रिजच्या धातूच्या पट्टीत बसवलेला. त्यामुळे आवाज इतका उघडा निघतो की लपायला जागाच नाही. तार ओढून गंधारावरून मध्यमावर बेंड नेताना स्वर किंचित खाली राहिला, तर समोरच्याला लगेच ऐकू येतं. पिक तिरकं लागलं, बोट तारेवरून घसरलं, कॉर्ड सोडताना तार वाजली, सगळं ऐकू येतं. डिस्टॉर्शनमध्ये जे झाकलं जायचं, ते इथे चव्हाट्यावर येतं.

त्यात सिंगल कॉइलची गुणगुण वेगळीच. महाल किंवा इतवारी या आपल्या जुन्या वस्त्यांतल्या घरात, जिथे अर्थिंग धड नसतं, तिथे अ‍ॅम्प चालू केला की पन्नास हर्ट्‌झचा हमिंग सुरू. तारांना हात लावला की कमी होतं, काढला की पुन्हा वर. याच त्रासासाठी गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकर तयार केला. दोन कॉइल अशा जोडायच्या की बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट जोमाने पुढे जातो. इतका चांगला उपाय हाताशी असताना माणूस पुन्हा गुणगुणणाऱ्या पिकअपकडे जातो, तो सोय बघून नक्कीच जात नाही. त्याच्या कानाला त्या आवाजातला टोकदारपणा हवा असतो आणि त्यासाठी तो गुणगुण सोसतो. याला मवाळ होणं कसं म्हणायचं?

रॉक गिटारवादक जेफ बेककडे बघा. आधी हंबकरवाली लेस पॉल, मग फेंडरची सिंगल कॉइलवाली स्ट्रॅट, आणि ऐंशीच्या दशकात तर पिकही सोडलं. नुसती बोटं, करंगळी व्हॉल्युम नॉबवर, तळव्यात व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवणारा छोटा दांडा. जानेवारी 2023 मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेला. उतारवयातलं त्याचं वाजवणं ऐकलं तर एकेका स्वरामागे केवढं लक्ष आहे ते कळतं. आपल्याकडच्या मींडेची सवय असलेल्या कानाला तर ते जास्तच जाणवतं.

बरं, सगळे एकाच दिशेने जातात असंही नाही. एरिक क्लॅप्टन हंबकरकडून स्ट्रॅटकडे आला. डायर स्ट्रेट्स बँडचा मार्क नॉफ्लर बरोबर उलटा. 1978 च्या पहिल्या अल्बममध्ये स्ट्रॅट, आणि 1985 च्या अल्बममधला 'मनी फॉर नथिंग'चा तो जगभर गाजलेला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, लेस पॉलवर. एसी/डीसी बँडचा अँगस यंग तर सत्तरीतही तीच गिब्सन एसजी गळ्यात घालून स्टेजभर धावतोय. त्याची आवड बदलली नाही म्हणून तो वाढला नाही, असं कोण म्हणेल? त्यामुळे "पन्नाशीत टेलिकास्टर" हा नियम करून टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

शरीराचा काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. चार-साडेचार किलोची लेस पॉल तीन तास खांद्यावर बाळगली की दुसऱ्या दिवशी मान बोलते. वयाबरोबर कानाला वरच्या पट्टीतले बारीक आवाज कमी ऐकू येतात, त्यामुळे जुने लोक नकळत ट्रेबल वाढवतात. म्हणून मी साउंड चेकला नेहमी एखाद्या तरुण कानाला समोर उभं करतो आणि त्याचं ऐकतो.

आणि आपल्या गावचं हवामान! मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन तळव्याला बोचतात. त्याच खोलीत कूलर लावला की ओलाव्याने नेक हलते, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, बदलते, तारांना गंज चढतो. जुलैत पुन्हा तिसराच प्रकार. नेकचा बाक नीट करणाऱ्या ट्रस रॉडची चावी इथल्या गिटारवाल्याच्या खिशातच हवी. अशा हवेत स्क्रूने जोडलेली, सुटे भाग बदलता येणारी साधी गिटार आवडायला लागली तर त्यात नवल नाही.

आता त्या मुलाबद्दल. त्याला फ्लाइंग व्ही, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची गिटार हवी आहे आणि वडील म्हणतात, "ही काय गिटार आहे, नीट एखादी स्ट्रॅट घे." वडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, घेऊ द्या त्याला. गिब्सनने व्ही 1958 साली काढली तेव्हाही लोकांना ती विचित्रच वाटली होती, फारशी खपली नाही. पुढे अल्बर्ट किंगने त्याच आकारावर असे ब्लूज वाजवले की क्लॅप्टनसारख्यांनी त्याचे बेंड उचलले. आकार टोकदार म्हणून आवाज उथळ असतो हा आपल्या मोठ्या माणसांचा गैरसमज आहे. मुलाला मी एवढंच सांगितलंय की सीताबर्डीला दुकानात जाशील तेव्हा ती उभ्याने नको बघू, खुर्चीत बसून अर्धा तास वाजव. बसल्यावर व्ही मांडीवर नीट टिकत नाही, आणि रोजचा रियाज तर बसूनच होतो. त्यानंतरही तीच हवीशी वाटली, तर सेटअप मी करून देईन.